कार्यालयासमोरचा उकिरडा

मी एक जुना उकिरडा आहे. नाकाला रुमाल लावू नका, मित्रांनो. आता माझ्याजवळ उभं राहता येतं. पण मधली काही वर्षं अशी गेली, की आठवलं तरी माझ्या तळाशी धग लागते.

दर्यापूरहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. पार्बताबाईच्या सासऱ्याने आपल्या भाजीच्या वाडीजवळ माझा खड्डा खणला. शेण, गोठ्यातला पालापाचोळा, चुलीची राख, किडकी वांगी, एवढंच माझं अन्न. ते मी सावकाश पचवायचो. उन्हाळ्यात काळंभोर खत होऊन बैलगाडीतून शेतात जायचो. दिवाळीत बायका माझ्यावरही पणती लावायच्या. उकिरडा असलो तरी मला मान होता.

पुढे रस्त्यापलीकडे शेषरावांनी मंगल कार्यालय बांधलं. लग्नसराई लागली, की त्यांची ट्रॉली माझ्यावर उलटायची. थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे पेले, बाटल्या, उष्टा भात. ते पाहून गावही सरावलं आणि घराघरातून गाठ मारलेल्या पिशव्या येऊन पडू लागल्या. मला यातलं काही पचेना. भाताच्या वासाने पुंजारामचा बैल आला आणि पिशव्यांसकट खाऊन गेला. त्याचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. माझ्याच काठावर पाय झाडत, जीभ बाहेर काढून तो मेला.

ढीग वाढला, की शेषरावांचा माणूस काडी लावायचा. मग मी पेटायचो. वितळलेलं प्लास्टिक माझ्या अंगावरून थेंब थेंब गळायचं आणि काळा धूर पार्बताबाईच्या मेथीवर बसायचा.

एकदा असाच पेटलेलो असताना तिची सून वर्षाली डोक्यावर भाजीची टोपली घेऊन जवळून निघाली होती. आदल्या दिवशीच्या वरातीत पोरांनी फेस उडवायचे डबे आणले होते. संपले म्हणून ते माझ्यात फेकलेले, पण पुरते संपलेले नव्हते. पहिला डबा फुटला. ती दचकून वळली, तोच दुसरा फुटला आणि त्याचा तापलेला पत्रा तिच्या चेहऱ्यात शिरला. टोपली उधळली. ती मटकन खाली बसली. तोंडावर धरलेल्या बोटांमधून रक्त वाहू लागलं. अमरावतीच्या दवाखान्यात नेलं, पण डावा डोळा गेलाच. डबे कुणी फेकले, काडी कुणी लावली, ते लोक बघतील. तो पत्रा मात्र माझ्या पोटातून सुटला होता, मित्रांनो.

पुढच्या लग्नात पहिली पंगत उठली आणि ट्रॉली आली. पार्बताबाई फावडं घेऊन माझ्या काठावर उभी राहिली. शेषराव स्वतः खाली उतरले.

"ओ बाई, हट मांगं. उकंडाच हाय तो. उकंड्यात नाई टाकू त काय देवळात टाकू?"

"तुह्या कार्यालयात टाक! माह्या सुनेचा डोळा गेला, दिसत नाई काय तुले?"

शेषरावांनी फावडं हिसकावलं. दांडा तिच्या खांद्यावर बसला, मग मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. आजूबाजूच्या वाड्यांतून बायका विळे घेऊन धावल्या. ड्रायव्हरने भिरकावलेली बाटली त्यांच्यातल्या जमुनाच्या कपाळावर फुटली. मग कुणी कुणाचं ऐकेना. बायकांनी शेषरावांना ओढून माझ्यातच पाडलं, आणि ते सडक्या भातात, काचांवर हातपाय मारू लागले.

इतक्यात वर्षालीचा नवरा देवानंद डिझेलची कॅन घेऊन रस्ता ओलांडून गेला. कार्यालयात दुसरी पंगत बसली होती. त्याने दाराच्या पडद्यांवर डिझेल ओतलं आणि काडी ओढली. वर्षाली डोळ्याला पट्टी बांधलेली, तशीच धावली. डावीकडचा दगड तिला दिसला नाही. ती पडली, उठली आणि जळती काडी तिने मुठीत विझवली, काडीपेटीही हिसकावून घेतली.

"सोड! मी जाळतोच याले!" देवानंद ओरडला.

"जाळा. पन आधी मले आत जाऊ द्या. लेकरं जेवून राहिले तिथं. माहा एक डोळा जाळानं नेला. अजून कोनाकोनाचे नेता तुमी?"

त्याने तिला ढकललं. ती उंबऱ्यावर आपटली, पण काडीपेटी तिने सोडली नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. मग तिथेच बसला आणि डिझेलने भिजलेल्या हातांनी त्याने तोंड झाकलं.

पोलीस आले, दोन्हीकडच्या लोकांवर गुन्हे नोंदले गेले. नंतर ग्रामसभा भरली. शेषरावांना गावाबाहेर काढा, असा ओरडा झाला. हाताला प्लास्टर घातलेली पार्बताबाई उठली.

"त्याची ट्रॉली दिसते, आपल्या पिशव्या काहून दिसत नाई? बैल कोनाच्या पिशवीनं मेला, सांगा बरं कोनी."

त्या दिवशी ठरलं, की कार्यालयात फक्त स्टीलची ताटं वापरायची. घरोघरी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवायचा. उकिरड्याला काडी लावायची नाही. शेषराव हो म्हणाले. मनापासून म्हणाले की नाइलाजाने, मला ठाऊक नाही. पण ट्रॉली पुन्हा आली नाही.

मग बायकांनी मला तळापर्यंत उपसलं. पत्रे, सुया, काचा, सगळं बाहेर काढलं. कुणी म्हणालं, बुजवून टाका याला. मी धास्तावलो.

"नाई बुजवाचा," पार्बताबाई म्हणाली. "बारा वर्सांनी उकंड्याचाबी पांग फिटते."

आता मी पुन्हा शेण आणि पाला खातो. माझं खत वाडीत जातं. ते वर्षाली चाळते. एका डोळ्याने तिला सगळं दिसत नाही, म्हणून ती बोटांनी चाचपते. इतकं उपसूनही माझ्यात जुनं काहीबाही उरलंच आहे. परवा तिच्या तळहातात काच घुसली. तिने ती दातांनी उपटली, जखमेला पदर गुंडाळला आणि हात पुन्हा माझ्यात घातला.

मित्रांनो, फेकलेली वस्तू संपली, असं तुम्हाला वाटतं. ती संपत नाही. ती माझ्यासारख्या कुणाच्या तरी पोटात दबा धरून बसते, आणि कधी ना कधी तिच्यावर कुणाचा तरी हात पडतो. काहीही टाकण्याआधी एकदा तो हात आठवा.