संघातला सहावा

"लॉर्ना, तुझे बूट बघ. अर्धं शेत घेऊन आलीयस," ड्वेन म्हणाला.

लॉर्ना ट्वेटने खाली पाहिलं. काळी माती घोट्यापर्यंत वाळली होती. साखरेच्या बिटाच्या काढणीचे दिवस होते. साखर कारखान्याच्या ढिगावर ट्रक रिकामे होत आणि ती प्रत्येक ट्रकमधल्या बिटांचा नमुना पिशवीत भरत असे. आज अर्ध्या पाळीची रजा काढून ती मुलाच्या शर्यतीसाठी थेट या गोल्फच्या मैदानावर आली होती; संध्याकाळी परत जायचं होतं. रजा देताना मुकादमाने विचारलं होतं, "पोरगा जिंकणारेय का?"

"नाही."

"मग?"

ती हातमोजे काढून गाडीकडे निघाली होती.

"नील्सला सांग, पडू नकोस म्हणजे झालं," ड्वेन म्हणाला. त्याचा मुलगा शाळेच्या संघात सर्वांत वेगवान होता. "सहाव्याला तेवढंच तर काम."

"आणि तुझ्याला सांग, काल रात्री माझ्याकडे भांडंभर स्पॅगेटी हाणलीय, ती आता जिरव."

ड्वेन हसला. शर्यतीच्या आदल्या रात्री संघ कुणाच्या तरी घरी जेवतो. काल लॉर्नाची पाळी होती. सात मुलं जेवून गेली तेव्हा लसूणपावाचे दोन तुकडे तेवढे उरले होते.

क्रॉस कंट्रीत, म्हणजे गवत-झाडीतून पळायच्या या लांब शर्यतीत, प्रत्येक संघाचे सात जण धावतात, पण मोजतात पाचच. पाच जणांच्या क्रमांकांची बेरीज करायची. ज्याची बेरीज कमी तो संघ वर. सहावा आणि सातवा बेरजेत येत नाहीत. नील्स दोन वर्षं पाचवा होता. या सप्टेंबरात जोना नावाचा खालच्या वर्गातला मुलगा आला, लांब पायांचा, आणि नील्स सहावा झाला. त्याने तक्रार केली नाही. लॉर्नाने मनातल्या मनात पुष्कळ केली. शाळेचं हे शेवटचं वर्ष होतं आणि आज जिल्ह्यातून दोनच संघ पुढच्या शनिवारच्या राज्य स्पर्धेसाठी निवडले जाणार होते. पहिली जागा शहरातल्या शाळेची, हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरीसाठी आपले लालवाले आणि शेजारच्या गावचे हिरवेवाले.

नील्स गवतात बसून बुटांच्या नाड्या आवळत होता.

"आई, टेकडीपाशी उभी राहू नको हं. तिथे सगळ्यांचे चेहरे भयाण असतात."

"तुझा कुठे चांगला असतो?"

"झाडीतून बाहेर पडतो ना, तिथे थांब. तिथून शेवटपर्यंत दिसतं."

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "आज जोनाच्या पुढे जा."

त्याने मान वर केली, पण तेवढ्यात शिट्टी झाली.

बंदुकीचा आवाज आला आणि शंभरावर मुलं एकदम सुटली. लॉर्ना इतर आईवडिलांबरोबर मैदान आडवं कापत पळाली. मुलांना जोर यावा म्हणून गुरांच्या गळ्यातल्या घंटा कुणी कुणी हातात धरून वाजवत होतं. तळ्यापाशी पोरं दिसली तेव्हा जोना फारच पुढे होता, ड्वेनच्या मुलाच्या मागोमाग.

"जोना आज पेटलाय," ड्वेन म्हणाला.

"फार लवकर पेटलाय," लॉर्ना म्हणाली.

झाडीच्या तोंडाशी ती थांबली. शहरवाले गेले. ड्वेनचा मुलगा गेला, नंतर तीन लाल सदरे. मग दोन हिरवी मुलं जोडीने. त्यांच्या मागे जोना बाहेर पडला, मान एका बाजूला कललेली, पाय नुसते पडत होते. आणि त्याच्या खांद्यामागे अर्ध्या पावलावर नील्स.

नील्सचा श्वास ठीक होता. तिला ते दुरूनही कळलं. छाती एका लयीत हलत होती, हात सैल होते. चार लांब ढांगा टाकल्या असत्या तर तो पाचवा झाला असता.

"पुढे जा!" ती ओरडली. "नील्स, जा पुढे!"

त्याने ऐकलं असावं. पण तो हलला नाही. त्याचे ओठ हलत होते. हात लावला तर दोघंही बाद, म्हणून तो लावत नव्हता. फक्त बोलत होता. जोनाची मान हळूहळू सरळ झाली. शेवटच्या उतारावर दोघांनी मिळून त्या दोन्ही हिरव्यांना गाठलं आणि मागे टाकलं. रेघ ओलांडतानाही नील्स अर्धं पाऊल मागेच होता.

जोना गवतात कोसळला. नील्सने त्याच्यासाठी पाणी आणलं.

निकालाचा कागद क्लबच्या भिंतीवर लागला. शहरवाले पहिले. लालवाले दुसरे, बेरीज हिरव्यांपेक्षा फक्त एकाने कमी. नील्सचा क्रमांक कंसात होता. न मोजलेले तसेच छापतात.

"कंसातच शेवटी," लॉर्ना हळूच म्हणाली.

ड्वेन कागदासमोर बराच वेळ उभा होता. बोटाने काहीतरी मोजत होता.

"हे बघ," तो म्हणाला. "तुझा नील्स ह्या दोघा हिरव्यांच्या आधी आला. म्हणजे दोघांचा नंबर एकेकाने मागे सरकला. तो मागे राहिला असता, तर त्यांची बेरीज दोनाने कमी झाली असती. आपण घरी बसलो असतो." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "जोनाला आणलं ते वेगळंच."

गाडीत नील्स संत्रं सोलत होता.

"पुढे का नाही गेलास?"

"गेलो असतो तर त्याला वाटलं असतं, संपलं. मागे कुणी असलं की माणूस पळतो."

"आणि बोलत काय होतास एवढं?"

"म्हटलं, घरी लसूणपाव उरलाय. हिरव्यांच्या आधी पोचलास तर दोन्ही तुकडे तुझे." त्याने एक फोड तिच्यापुढे धरली. "रात्री येणारेय तो न्यायला."

अंधार पडायच्या सुमारास ती ढिगावर परतली. मुकादमाने विचारलं, "मग? कितवा आला?"

"सहावा."

"सहावा? सगळ्यांत?"

"छे. आपल्या संघात."

"आणि एवढ्यासाठी अर्धी पाळी बुडवलीस?"

"पुढच्या शनिवारची सगळी लागेल," लॉर्ना म्हणाली आणि हातमोजे चढवले. ट्रक रिव्हर्समध्ये ढिगाकडे येत होता. बिटं गडगडत खाली येऊ लागली, तशी तिने पिशवीचं तोंड उघडून धरलं.