नदीकाठच्या गावची स्तामेना

"घरात कुणाला किडनीचा आजार होता का?" डॉक्टर कोसारांनी पुन्हा विचारलं.

"नाही म्हटलं ना. ठणठणीत माणसं आमची," रादिवोय म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. "खडा असेल. गोळी द्या, जातो घरी. पोरीचं लग्न तोंडावर आलंय."

शेजारच्या खाटेवरची चादर बदलणाऱ्या सिस्टर स्तामेनाचा हात थांबला. रादिवोयचा बाप, आत्या, थोरला भाऊ. तिघंही असेच गेले होते. आधी चेहरा पांढराफटक, मग तळहात तांबूस-पिवळे, मग लघवीतून रक्त. एकाच गावची म्हणून तिघांच्याही दफनाला ती गेली होती. आणि रादिवोयनेही तिला ओळखलं होतं. म्हणूनच तो खिडकीबाहेर बघत होता.

डॉक्टर राजधानीतून नुकत्याच बदलून आल्या होत्या. गावाचं नाव कळू नये म्हणून कागदावर रादिवोयने पोरीच्या शहरातल्या खोलीचा पत्ता दिला होता. "खडा दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मूत्राशयात कॅमेरा घालून पाहिलं, तिथंही काही नाही. मात्र अंगातलं रक्त फार कमी आहे. लघवीतून थोडंसं रक्त जातंय, तेवढ्यानं इतकं कमी होत नाही. घरात काही नसेल, तर आत्ता औषधं देते. महिन्याभराने पुढच्या तपासण्या करू."

रादिवोयने सुटकेचा श्वास सोडला.

मघापासून स्तामेनाला एका जागी उभं राहवत नव्हतं. औषधांचं कपाट तिने आवरलं, पुन्हा उघडून पुन्हा आवरलं. बरोबरच्या सिस्टरने विचारलं, "अगं, काय हरवलंय?" स्तामेना पट्ट्यांची ट्रॉली ढकलत व्हरांड्यात गेली. रादिवोय भिंतीला धरून तिच्यामागे आला.

"स्तामेना, ओळख दाखवू नकोस गं."

"दादा, तुमच्या अंगात रक्त उरलं नाहीये."

"आमच्या नेवेनाचं होणारं सासर डोंगराकडचं. त्यांना कळलं तर म्हणतील, या घरात किडनी आहे. भूत आहे म्हणावं तसं म्हणतात. तुला का सांगायला पाहिजे?"

तिला सांगायला नकोच होतं. तिची ठरलेली सोयरीक अशीच मोडली होती. अंगठी परत न्यायला मुलाची आई स्वतः आली, आणि रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून आणलेली कॉफीची पुडी टेबलावर ठेवून गेली. त्यानंतर स्तामेनाने गाव सोडलं. या शहरात कुणी विचारलं की ती दुसऱ्याच मुलखाचं नाव सांगायची. लग्नाचा विषय तिने पुन्हा काढू दिला नाही.

"लग्न होऊ दे, मग काय कापायचं ते कापा," रादिवोय म्हणाला. "बाबांनीही दोन वर्षं काढली की."

"कशी काढली ते पाहिलंय मी."

रादिवोय वळला. भिंत धरत परत गेला.

दुपारी डॉक्टर घरी सोडण्याचे कागद घेऊन त्याच्या खाटेशी आल्या. स्तामेना सलाईनची सुई काढत होती. रादिवोयचं गुपित सांगायचा तिला हक्क नव्हता. स्वतःचं होतं, ते सांगता येणार होतं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "मी मूळची सावा नदीकाठची. माझी आई आणि दोन भाऊ किडनीनं गेले. आमच्या गावात अशी पुष्कळ घरं आहेत."

वॉर्डातली कुजबुज थांबली. बरोबरच्या सिस्टरने मान वर करून पाहिलं. स्तामेनाने मात्र कुणाकडेच पाहिलं नाही. सुईच्या जागी कापूस दाबून धरला.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवले. रादिवोयचा हात उलटा करून तळवा पाहिला.

"तुम्ही कुठले, रादिवोय?"

त्याने स्तामेनाकडे पाहिलं.

"तिथलाच," शेवटी तो म्हणाला. "तिच्या घरापासून चौथं घर आमचं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मूत्राशयाच्याही वर, किडनीकडे जाणाऱ्या नळीत कॅमेरा नेला. डाव्या बाजूला गाठ सापडली. किडनी नळीसकट काढावी लागणार होती. दुसरी तेवढी चांगली नव्हती, पण चालत होती.

"तुमच्याकडच्या गव्हात एक रानवेल उगवते," डॉक्टरांनी त्याला सांगितलं. "तिच्या बिया दळणात जायच्या. वर्षानुवर्षं ते पोटात गेलं, त्याचं हे."

"म्हणजे पाव?" रादिवोयने विचारलं. "आईच्या हातचा?"

"हो."

"आणि आम्ही जन्मभर विहिरीच्या पाण्याला शिव्या घातल्या."

होणाऱ्या सासरी नेवेनाने स्वतःच सगळं सांगितलं. सासू रडली, नवऱ्याच्या चुलत्याने लग्नाला यायचं नाकारलं. पण नवरा मुलगा, स्लावको, ठाम राहिला. ठरल्या दिवशी सकाळी, चर्चमध्ये जायच्या आधी, नेवेना लग्नाच्या पोशाखातच वॉर्डात आली. ऑपरेशन होऊन पडलेल्या बापाच्या दवाखान्याच्या सदऱ्याला तिने लग्नाच्या वऱ्हाडाला लावतात ती रोझमेरीची डहाळी टाचली. मग दुसरी डहाळी घेऊन स्तामेनाकडे वळली.

"मला कशाला?" स्तामेना मागे सरली.

"मुलीकडची ना तुम्ही? मग उभ्या राहा नीट."

नेवेना गेल्यावर डॉक्टर दारात आल्या. "आठवडाभर स्वतःची तपासणी टाळतेयस. आज चल."

स्तामेनाने अंगावरचा पांढरा कोट काढला, डहाळी चुरगळू नये अशा बेताने खुर्चीवर ठेवला आणि सोनोग्राफीच्या टेबलावर आडवी झाली. थंड लेप पोटावर पसरला. डॉक्टरांनी यंत्र एका कुशीवर फिरवलं, मग दुसऱ्या, मग पुन्हा पहिल्या.

"बोला," स्तामेना म्हणाली.

"दोन्ही किडन्या लहान झाल्यात, म्हणजे आजार आहे. गाठ नाही. पण आता तपासणी चुकवायची नाही."

"बरं."

तिने पोट स्वतःच पुसलं, कोट चढवला आणि कामावर परतली. रादिवोयची लघवीची पिशवी भरत आली होती. तिने ती रिकामी केली, नळी सरळ केली, चादर ओढली, मग सरळ असलेली नळी पुन्हा सरळ केली.

"काय निघालं?" त्याने विचारलं.

"आहे."

रादिवोयने टाके सांभाळत पाय आत घेतले आणि खाटेच्या कडेला जागा केली. इतक्या वर्षांत स्तामेना कधी कुठल्या रुग्णाच्या खाटेवर बसली नव्हती.

ती बसली.