रोशनच्या तुरीतला वाघ

वाघांच्या जंगलाला लागून असलेल्या मोहर्लीच्या अलीकडच्या त्या गावात वाघ येणं ही बातमी नव्हती. पाहुण्यासारखा तो अधूनमधून येई, फक्त चहाला थांबत नसे. म्हणून वनखात्यानं गावातल्याच नऊ जणांची टीम केली होती. काम एवढंच, की वाघ शिवारात आला की गर्दी मागं सारायची, त्याच्या जाण्याचा रस्ता मोकळा ठेवायचा आणि मोबाइल घेऊन पुढं घुसणाऱ्यांना आवरायचं. टीमचे प्रमुख लटारूभाऊ, वय बासष्ट, जन्म वनमजुरीत गेलेला. त्यांच्या सहा वर्षांत ना माणसाला ओरखडा, ना वाघाला. हे ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. समोरचा विचारेपर्यंत फक्त जागचे हलत नसत.

तर रोशनचा फोन आला, "भाऊ, माझ्या तुरीत वाघ हाय." रोशन सफारीचा गाइड. त्यानं वाघ म्हटलं की वाघच. तो असंही म्हणाला, की मी मचाणावरूनच नजर ठेवतो, घरी येत नाही, इकडं कुणी फिरकू नका. गाव भारावलं. बायको दिव्यानी अडीच महिन्यांची पहिली मुलगी घेऊन आठच दिवसांपूर्वी माहेरून आलेली, आणि हा गडी गावासाठी मचाणावर! उपसरपंचानं सत्कारासाठी शाल काढून ठेवली. आधीच्या तीन सत्कारांतही तीच शाल फिरली होती.

वनखात्याची बीटगार्ड उर्वशी, तिनं शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आपोआप फोटो काढणारे दोन कॅमेरे बांधले. पाचव्या दिवशी तिनं कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. टीम भोवती जमली.

फोटो तीनशे बारा. एक मोर, दोन रानडुकरं, बाकी सगळ्यांत रोशन.

"वाघानं रोशनचा शर्ट घातला का बे?" टीममधला अजय म्हणाला. सगळे खो खो हसले.

मग उर्वशीनं फोटो ओळीनं दाखवले. रोशन मचाणाखाली बसलाय. हातात कोहळा, चार किलोचा असेल. एक हात खाली, एक हात देठाशी, जसं बाळाचं डोकं सांभाळावं तसं. पुढच्या फोटोत कोहळा जमिनीवर फुटलेला. त्याच्या पुढच्या वीस फोटोंत रोशनचं डोकं गुडघ्यांत. दुसऱ्या दिवशी दुसरा कोहळा.

हसू कधी थांबलं ते कुणाला कळलं नाही.

"भाऊ, साहेबाले काय कळवू?" उर्वशीनं विचारलं.

"वाघ नाई म्हणून कळव. खरं ते."

"अन् रोशनचं?"

"रोशनचं आपण पाहू. तो साहेबाचा नाई, आपला हाय."

लटारूभाऊ एकटेच शेतात गेले आणि मचाणाच्या शिडीखाली बसले.

"भाऊ, नका येऊ इकडं! वाघ—"

"फोटो पाह्यले आमी."

भाऊंनी सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पुडी सोडून सावकाश तोंडात टाकली. घाबरलेल्या जनावराला काठीनं डिवचायचं नसतं, हे त्यांनीच पोरांना शिकवलं होतं.

"पोरगी रडाले लागली का मले काई सुचत नाई," रोशन वरूनच बोलला. "छाती धडधडते. वाटते, हातातून पडन. वाघ चार हातांवर आला तरी माझा हात हालत नाई भाऊ, अन् पोरीले पाह्यलं का पळून जावं वाटते. असा कुठी बाप असते का?"

'आमच्या वेळी' हे दोन शब्द भाऊंच्या जिभेवर आले होते. ते त्यांनी खर्र्यासोबत थुंकले.

"जीव द्यावा वाटते का तुले?"

"एक दिवस वाटलं. आता नाई."

"उद्या चंद्रपूरले जाऊ. सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात."

"मी पागल झालो का?"

"पागल असता तर वाघ खराच दिसला असता तुले. उतर."

रोशन उतरला. त्या रात्री तो भाऊंकडंच झोपला. भाऊंनी दिव्यानीला जाऊन सगळं सांगितलं. ती रडली आणि म्हणाली, "मले वाटलं, पोरगी झाली म्हणून तोंड पाहून नाई राह्यले."

चंद्रपूरला रोशनसोबत एकट्या भाऊंनी जायचं ठरलं होतं. पण बिकट कामगिरीवर टीम एकत्र जाते. खाकी टी-शर्टातले नऊजण आणि मधोमध रोशन असे सगळे आत घुसले. डॉक्टरीणबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"पेशंट कोण?"

शेवटी रोशननंच हात वर केला. बाईंनी त्याचं एकट्याचं तासभर ऐकलं. मग त्याला विचारून सगळ्यांना आत घेतलं. बाळंतपणानंतर आईला नैराश्य येतं तसं बापालाही येतं, म्हणाल्या, दहांत एखाद्याला. बोलून आणि औषधानं बरं होतं. पंधरा दिवसांनी यायचं. पोरीला रोज घ्यायचं, फक्त सुरुवातीला कुणीतरी जवळ हवं.

टीमनं एकमेकांकडं पाहिलं. आपण दहा, त्यात एक. हिशोब बरोबर. तेवढ्यात टीममधलाच पत्रू पुटपुटला, "मॅडम, माझा पोरगा झाला तवा मीबी महिनाभर बैलाजवळ झोपत होतो." हिशोब तिथंच कोलमडला.

परतल्यावर एकच अडचण उरली. पारापासून रोशनच्या घरापर्यंतची गल्ली आणि दारादारांतले डोळे. भाऊंनी दोराची गुंडाळी काढली. टीमनं गल्लीची दोन्ही टोकं दोरानं अडवली आणि वाघ आल्यावर सांगतात तसं लोकांना आत जायला सांगितलं. पटापट दारं लागली. फटींतून गाव श्वास रोखून बघू लागलं. गल्लीतून रोशन चालत गेला.

"अगं माय! वाघ कुठी हाय?" धुरपताबाई आतून ओरडली.

"गेला," अजय म्हणाला. आता खोटं बोलायची पाळी त्याची होती.

अंगणात दिव्यानीनं मुलगी पुढं केली. "धरा. मी इथीच हावो." रोशननं एक हात खाली, एक हात डोक्याशी लावून तिला धरलं. पोरीनं बापाकडं पाहिलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा टाहो फोडला. रोशनच्या कपाळाला घाम आला. त्यानं पोरगी सोडली नाही.

लटारूभाऊंनी तिथंच रोशनजवळ थांबायच्या पुढच्या सहा हप्त्यांच्या पाळ्या लावल्या. पोरगी दूध पिऊन झोपते ती संध्याकाळची पाळी आठही जणांना हवी होती, त्यावरून थोडी बाचाबाची झाली. सकाळची, आंघोळीची, जेव्हा ती जीव तोडून रडते, ती कुणीच मागेना.

"ते माझी," लटारूभाऊ म्हणाले. "अन् रोशन, उद्या सात वाजता पाणी तापवून ठेव."