आईचे दाणे

त्या आठवड्यात मी सात वेळा घंटा वाजवली. गावोगाव फिरत आमच्याकडे आलेल्या लुडोल्फबाबांचा हुकूमच होता तसा. चर्चच्या अंगणात कोणी बरा झाला की मी दोर ओढायचा, आणि मग शेतातली, ओढ्यावरची, गोठ्यातली माणसं हातातलं काम टाकून धावत यायची.

सातव्या घंटेला विप्पो चालला. विप्पो आमचा गाड्यांची चाकं करणारा सुतार. नऊ दिवसांपूर्वी त्याला हातगाडीवर घालून आणला होता. पायांत निखारे भरलेत असं तो ओरडत होता, आणि गार चिखलात पाय बुडवा म्हणून गयावया करत होता. आज त्याने कुबडी फेकली, चार पावलं टाकली, पाचव्याला अडखळला, आणि अंगणात एकच कल्लोळ उठला. कोणी गुडघे टेकले, कोणी ऊर बडवला.

लुडोल्फबाबा आपल्या गाडीवर उभे होते. हातात सोनेरी पेटी, पेटीत संत ओटविन यांच्या हाताचं हाड.

"पाय कोणाचे?" बाबा गरजले.

"विप्पोचे!"

"चालवले कोणी?"

"संतांनी!"

"आग लावली पापाने, विझवली या हाडाने! या गाडीला तीन फेऱ्या घाला. जळजळ नाही, खोकला नाही, दातदुखी नाही. अहो, सासूसुद्धा गप्प बसेल!"

"मग मी सहा घालते," गर्दीतून एक बाई म्हणाली, आणि रडणारी माणसंही हसली.

बाबांचा उपाय सोपा होता. आजाऱ्याने नऊ दिवस चर्चमध्ये पेंढ्यावर राहायचं, रोज रांगेत उभं राहून हाडाला हात लावायचा, आणि बाबांच्या गाडीतला 'संतांचा पाव' खायचा. पांढराशुभ्र, गव्हाचा. वर डुकराच्या चरबीचा गोळा. घरचा घास मात्र पूर्ण वर्ज्य. "घरात पाप असतं," बाबा सांगायचे, "ते घासाबरोबर पोटात जातं." या बदल्यात कोणी बदक दिलं, कोणी तागाचं कापड, ज्याला जे जमेल ते.

मी एल्लेरबाखचा घंटावाला एकबर्ट. घंटेच्या बुरुजाखाली बसून गावातल्या मुलांना आकडे आणि अक्षरं शिकवायचं कामही माझंच. कोणी सांगितलेलं नाही, मला आवडतं म्हणून. मुलांना मोजायला शिकवता शिकवता मलाही मोजायची खोड लागली. प्रत्येक घंटेला मी भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायचो. महिनाभरात अकरा रेघा झाल्या. मग एक एक माणूस पुन्हा कण्हत परत येऊ लागला, आणि मी त्याची रेघ खोडू लागलो. विप्पोची खोडली. पाच रेघा खोडल्या, सात खोडल्या, नऊ खोडल्या. परत आजारी पडलेल्यासाठी घंटा वाजवायची नसते, त्यामुळे गावाला फक्त अकरा आठवत होत्या.

"असं कसं झालं हो, बाबा?" लोक विचारायचे.

"श्रद्धा कमी पडली," बाबा डोळे मिटून म्हणायचे. "हाड काय करणार?"

त्या अकरांत इम्मा होती. नऊ वर्षांची, गोडेलिंडची एकुलती एक मुलगी. बाप गेला तेव्हा ती पाळण्यात होती. माझ्या वर्गात सगळ्यांत आधी शंभरापर्यंत तीच पोचली. सुगी संपली तशी तिच्या उजव्या हाताची बोटं मुंग्या आल्यासारखी झाली, मग जळू लागली. गोडेलिंडने घरातली एकुलती बकरी बाबांच्या गाडीला बांधली आणि पोरीला पेंढ्यावर निजवलं. नऊ दिवसांनी इम्मा हसत घरी गेली. ती घंटा मी मनापासून वाजवली होती.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. आम्ही राय पिकवतो, थंड मुलखातलं गव्हासारखं धान्य ते. राय दळतो, रायचाच काळपट पाव खातो. त्या वर्षी उन्हाळाभर पाऊस लागला होता, आणि अशा वर्षी कणसांत मधूनच कोंबड्याच्या नखीसारखे लांब, काळे दाणे येतात. त्यांना आम्ही 'आईचे दाणे' म्हणतो. वाऱ्याने शेत हललं की रायची आई आत फिरते आहे, असं आमचे म्हातारे सांगायचे. काळे दाणे तिचे. ते फेकायचे नाहीत. जितके जास्त तितकी तिची माया जास्त. शिवाय ते मोजायचेही नाहीत. आईला कोणी मोजतं का? आणि घरात कोणी अशक्त असलं, तर मूठभर काळे दाणे मुद्दाम वेचून, दळून त्याच्यासाठी वेगळा पाव भाजायचा. तो आईचा पाव.

हे सगळं मीही मुलांना शिकवलं होतं. गाण्याच्या चालीवर.

इम्मा बरी होऊन घरी आली तेव्हा गोडेलिंडने तिच्यासाठी आईचा पाव भाजला. रोज एक. आठव्या दिवशी बोटं पुन्हा पेटली. विसाव्या दिवशी करंगळीचं टोक काळं पडलं.

मी तिला बघायला गेलो तेव्हा गोडेलिंड ओढ्यावर गेली होती. इम्माने मला जवळ बोलावलं.

"आजोबा, एक सांगू? कोणाला सांगणार नाही ना?"

"नाही सांगणार. बोल, बाळा."

"माझी श्रद्धा कमी नाही पडली. मी खोटं बोलले, म्हणून झालं हे. मी त्या हाडाला हात लावलाच नाही. रांग केवढी मोठी! मोठी माणसं ढकलायची. माझी पाळी एकदाही आली नाही. आईने विचारलं, तर मी म्हटलं, लावला. रोज लावला."

"एकदाही नाही?"

"शप्पथ, आजोबा."

"आणि तरी तू बरी झालीस?"

तिने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हो. बोटं जळायची थांबली होती. पण मग... मला बरं कोणी केलं?"

चाळीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारत आलो. इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. हाडाला हात न लावता पोर बरी झाली, म्हणजे हाड बाजूला ठेवा. मग उरलं काय? पेंढा. तो तर घरीही होता. आणि पाव. तिथे पांढरा, घरी काळा.

मी गावात फिरलो. ज्या घरांत आग होती, त्या सगळ्या घरांत नवी राय होती. टेकडीवरची म्हातारी रिक्सा ओटची लापशी खाते, कारण तिच्या खडकाळ तुकड्यात राय उगवत नाही. तिच्या घरातल्या सहा जणांपैकी एकालाही साधी मुंगी आली नव्हती. माझं नशीब चांगलं. दात गेल्यापासून मीही ओटच खातो.

मी त्याच संध्याकाळी गोडेलिंडकडे गेलो. "पोरीचा पाव बंद कर. रिक्सा थोडे ओट द्यायला तयार आहे."

"आईचा पाव बंद करू?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "एकबर्टकाका, पोर वाळून चालली आहे आणि तिच्या तोंडचा घास काढू? तुम्हीच तर शिकवलंत तिला ते गाणं."

"मी चुकीचं शिकवलं."

"मग आता बरोबर शिकवताय हे कशावरून?"

म्हणून मी पुरावा शोधायला निघालो. दोन कोंबडे घेतले, एकाच उबवणीचे. एकाला निवडलेली राय घातली, दुसऱ्याला आईचे दाणे मिसळलेली. बारा दिवस. बाराव्या दिवशी पहिल्याचा तुरा लालभडक होता. दुसऱ्याचा तुरा टोकाकडून निळा, मग काळा पडला होता. अगदी इम्माच्या करंगळीसारखा.

रविवारी अंगण भरलेलं असताना मी दोन्ही कोंबडे काखेत घेऊन गाडीसमोर उभा राहिलो.

"हे बघा," मी म्हणालो, "याने काळे दाणे खाल्ले, याने नाही. आजार पापाचा नाही, दाण्यांचा आहे. बाबांच्या पेंढ्यावर तुम्ही बरे होता ते गव्हाच्या पावाने. घरी येता, पुन्हा राय खाता, पुन्हा पेटता. हाडाचा यात काही संबंध नाही. इथे एक आजारी असा आहे, ज्याने हाडाला बोटही लावलं नाही आणि तरी तो बरा झाला."

"कोण तो?" कोणीतरी ओरडलं.

इम्माचं नाव मी घेतलं नाही. शब्द दिला होता.

"नाव नाही म्हणजे माणूसही नाही!" बाबा हसले. "आणि काय हो घंटावाले, त्या कोंबड्याचा बाप्तिस्मा झालाय का?"

अंगण हसून लोटपोट झालं.

"नाही ना? मग ज्याचा बाप्तिस्मा नाही त्याच्यात सैतान शिरणारच! तुरा काळा पडेल नाही तर काय, गुलाबी होईल?"

"बाबा," मी म्हणालो, "दोन महिने झाले तुम्ही आमच्या गावात आहात. आमचा पाव एकदा तरी खाल्लात? हा घ्या. गोडेलिंडच्या घरचा आहे. सगळ्यांसमोर एक घास खा."

बाबांनी पावाकडे पाहिलं. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होतो. क्षणभर त्यांत जे दिसलं ते भय होतं, आणि भय फक्त जाणकाराला वाटतं.

"माझं व्रत आहे," ते म्हणाले.

"व्रत आहे त्यांचं!" विप्पो हातगाडीवरून ओरडला. त्याचा डावा पाय आता फडक्यात गुंडाळलेला होता. "म्हातारबा, तुला काय कळतं रे? आईचे दाणे विषारी म्हणतोस? तुझी जीभ झडेल!"

कोणीतरी दगड मारला. तो काळ्या तुऱ्याच्या कोंबड्याला लागला. माझा पुरावा तिथेच संपला.

तिसऱ्या दिवशी बाबा गाडीला बैल जोडताना दिसले. गाडीतली पिठाची पोती रिकामी होती. आसपास कोणी नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

त्यांनी जू घट्ट केलं. "दक्षिणेतल्या एका मठात म्हातारा वैद्य होता, त्याने सांगितलं. आग लागलेल्याला गहू घाला, चरबी घाला."

"मग हे लोकांना का नाही सांगितलंत?"

"सांगून?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज गाडीवरचा नव्हता. "यांच्याकडे गहू आहे? काळे दाणे वेचून टाकले तर पोत्यात किती उरेल? वसंतापर्यंत पुरेल? तुझं खरं यांना उपाशी मारेल, म्हातारबा. माझ्या खोट्याने निदान नऊ दिवस बरं वाटतं."

"नऊ दिवस तुम्ही पोटाला देता. आणि मग त्यांचाच दोष म्हणून सांगून जाता."

"दोष कोणाचा तरी लागतोच," ते म्हणाले, आणि गाडीला बांधलेली गोडेलिंडची बकरी मागे बघत बघत निघून गेली.

इम्मा पहिला बर्फ पडायच्या आत गेली. आधी बोटं गेली, मग मनगट, मग ताप. शेवटपर्यंत ती माझ्याकडे बघून हलकंच मान हलवायची. गुपित फोडू नका, म्हणून.

ती गेल्यावर मला वाटलं, आता तरी गोडेलिंडला सगळं सांगावं. तिला निदान कळेल की पोरीची श्रद्धा कमी नव्हती. मी तिच्या चुलीजवळ बसलो आणि सांगितलं. रांगेचं, न आलेल्या पाळीचं, पांढऱ्या पावाचं, काळ्या दाण्यांचं.

"म्हणजे तिने बाबांचा पाव खाल्ला आणि ती बरी झाली," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि मग मी माझ्या हाताने वेचून, दळून, भाजून..."

मी तिचा हात धरायला गेलो, तिने तो काढून घेतला.

"तुम्ही जा, काका," ती म्हणाली. "श्रद्धा कमी पडली, हेच बरं होतं. ते मला सोसवत होतं."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. त्या हिवाळ्यात गावात सतरा जण गेले. काळे दाणे वेचून टाकणारी घरं दोन, आणि त्यातल्या एका घरात सरत्या थंडीत भुकेने एक म्हातारा गेला. बाबांचं बोलणं तेवढ्यापुरतं खरं ठरलं. बर्फ वितळल्यावर दुसरा एक बाबा आला. त्याच्याकडे संताचा दात होता.

मुलांनो, तुम्ही आता बुरुजाखाली बसता, तुम्हाला हे मी सांगतो. गोड शेवट करून सांगत नाही, कारण तसा तो झाला नाही. खरं कळलं म्हणून माणूस लगेच वाचतोच असं नाही. पोत्यात गहू नसेल तर नुसतं कळून पोट भरत नाही. पण एल्लेरबाखने दाणे वेळेवर वेचून टाकले असते, रिक्साकडून ओट पिकवायला शिकलं असतं, जवळच्या मठाच्या कोठाराच्या दारात जाऊन एकजुटीने गहू मागितला असता, तर काहीतरी हातात राहिलं असतं. आम्ही त्याऐवजी गाडीभोवती फेऱ्या घातल्या.

म्हणून जो बरा झाला त्याला विचारा, तू काय खाल्लंस, कुठे निजलास, काय केलंस. जो बरा झाला नाही त्यालाही तेच विचारा, कारण त्याच्यासाठी घंटा कोणी वाजवत नाही. आणि एखादं आजारी पोर जेव्हा म्हणेल की हा माझाच दोष आहे, तेव्हा दुसरं सगळं बाजूला ठेवून आधी त्याला सांगा, नाही बाळा, तुझा नाही. मी इम्माला हे सांगितलं नाही. पुरावा शोधत बसलो होतो.