टोचतंय का?

“चाची, चहा नको. मी हितंच बसून बघते,” म्हणत क्रांतीनं स्टूल लेथपाशी ओढलं आणि चहाला वळलेली मी जागीच थांबले.

उद्यमनगरात आमच्या यांचं, बादशहा मिस्त्रींचं, बंदूकदुरुस्तीचं परवान्याचं दुकान. क्रांतीसारखी लांबवर नेम मारणारी पोरं रायफलीच्या नव्या नळीचं चेंबर, म्हणजे काडतूस बसायची खोबण, यांच्याकडूनच कोरून घेतात. काडतूस तिथं केसभरही ढिलं बसता कामा नये. रिमर, म्हणजे कोरायचं धारदार हत्यार, थोडा फिरवायचा, बाहेर काढायचा, पुसायचा आणि त्याच्या खाचांवरून बोट फिरवायचं. लोखंडाचा कीस उरला असेल तर टोचतो. तो तसाच आत गेला की चेंबरला ओरखडा.

यांच्या बोटांना मात्र काही टोचतच नव्हतं. मेल्या साखरेच्या दुखण्यानं बोटं बधिर करून टाकली होती. वर्षभर पुसायच्या निमित्तानं मी रिमर आत न्यायची आणि माझं बोट फिरवून परत द्यायची. गिऱ्हाइकाला पत्ता लागू द्यायचा नाही, ही यांची सक्त ताकीद. आणि आज गिऱ्हाईक समोरच ठाण मांडून बसलेलं!

मी रिमरला हात घातला तर हे म्हणाले, “ऱ्हाऊ दे. मी पुसतो.”

“अहो, पर...”

“जा की! चहा टाक!”

असा संताप आला म्हणून सांगू! जळली ती ऐट. पण मी गेले आत. चहाला उकळी फुटायच्या आधीच बाहेर करकर ऐकू आली. मी धावले.

“चाचा, रक्त!” क्रांती ओरडत होती.

बोटातलं रक्त तेलात मिसळून मनगटापर्यंत ओघळलं होतं. हे त्याच्याकडे बघत होते, हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखे. मी नळीत बॅटरी मारली. आत लांबलचक ओरखडा.

क्रांतीला रडूच फुटलं. “आठ दिसांवर नेमबाजीची निवड हाय, चाचा! दोन वरसं वाट बघितली ह्या नळीची. आता मी काय करू? दुसऱ्याकडं न्यू व्हय?”

“ने,” हे म्हणाले. मग एकदम तिच्यापुढं आले. “न्हाय, थांब. खराब झालंय तेवढं कापून टाकतो. नळी आखूड व्हईल, पर परत कोरता येतंय. थांब की, पोरी. हात जोडतो तुला.”

जन्मात कुणापुढं न जोडलेले हात. मला बघवेना.

“पर तुमचं बोट?” क्रांतीनं विचारलं.

यांनी बोटाला चिंधी गुंडाळली. मग म्हणाले, “नजीरा, हितं बस. हिच्यासमोर. वरीसभर तुझीच बोटं हाईत, कळू दे हिला.”

नळी कापून झाल्यावर दुपारभर हे रिमर फिरवत होते आणि पुसून माझ्यापुढं धरत होते.

“टोचतंय का?”

“व्हय.”

पुन्हा पुसायचे. “आता?”

“न्हाय.”

संध्याकाळी काडतूस अलगद बसलं. क्रांती आधी माझ्या पाया पडली, मग यांच्या. नळी उराशी धरून गेली.

मी शटर ओढायला वळले. मागं वळून बघते तर हे डोळे मिटून उभे. दुसऱ्या हाताचं एकेक बोट रिमरच्या धारेवरून फिरवत होते.

“नजीरा,” डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, “बघ गं, कापलं का?”

“व्हय,” मी म्हणाले आणि फडकं शोधायला लागले.