पुलाच्या फळ्या

"आणखी किती वेळ?" मोहिद्दीनने दोर मनगटाला गुंडाळत विचारलं.

असदुल्ला ओढ्यापलीकडच्या एकुलत्या एक घराकडे बघत होता. धुराड्यातून धूर निघत होता. म्हणजे त्याची बहीण खतीजा आरामात चूल पेटवून बसली होती.

दोन दिवस कंबरभर बर्फावर पाऊस कोसळत होता आणि सगळा डोंगर विरघळून ओढ्यात उतरत होता. अशा वेळी पुलाच्या फळ्या, तुळया सोडवून अलीकडे ओढून घ्यायच्या, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पूल वाहून गेला, तर सरकारी लाकूड मिळेपर्यंत दोन वर्षं पलीकडच्या रानात जायची सोय नाही. पूल असदुल्लाने बांधलेला, त्यामुळे हुकूम त्याचाच; आणि खतीजा अलीकडे आल्याशिवाय तो फळ्या सोडू देत नव्हता.

"मग जा आणि हाताला धरून आण. बहीण तुझी!" मोहिद्दीन म्हणाला.

"तिच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही मी." बापाच्या अक्रोडाच्या वाटणीवरून दोन वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं. "तू हाक मार."

"घसा बसला माझा! ती ऐकेना, तू हलेना, आणि मी मात्र पावसात भिजतोय!"

डोक्यात जाते ही बाई, जन्मापासून जाते, असदुल्लाच्या मनात आलं. पाणी फळ्यांवर चढलं.

"सोडू?"

"थांब."

तो दुसऱ्यांदा "थांब" म्हणाला, तेवढ्यात वरून आलेला ओंडका तुळईवर आदळला आणि पूल गेला. मोहिद्दीन दोर फेकून, तोंडाला येईल ते बोलत निघून गेला.

पाणी पलीकडच्या अंगणात शिरत होतं. असदुल्ला लांब दोर आणायला आपल्या घराकडे धावला. त्याने दार ढकललं.

खतीजा चुलीपाशी बसली होती.

"पहाटेच आले," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "तू नमाजाला गेला होतास. घाईत तिकडची चूल विझवायची राहिली बघ. एवढ्या पाण्यात दुसरीकडे कुठे जाणार होते मी?"

"पूल गेला."

"अरे, तू तिथेच उभा होतास ना? मग गेला कसा?"

असदुल्लाचं टाळकंच सरकलं. तरी तो अंगातल्या ओल्या फेरनसकट तिच्या शेजारी बसला आणि तिने पुढे केलेल्या मिठाच्या चहाचा घोट घेतला.

"मीठ कमी पडलंय," तो म्हणाला.