पोस्टरचं कव्हर

“त्या कागदाचं कव्हर नोको घालू वं आरती. लोकं कागदच पाह्यतात.”

पार्बताबाईंनी सुनेला असं बजावलं होतं. त्यांचा स्वतःचाच अनुभव होता. आदल्या निवडणुकीनंतर त्यांनी उरलेलं एक पोस्टर स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरलं होतं. जाड, गुळगुळीत कागद; तेल सांडलं तरी पुसून घ्यावं. पण गल्लीभर बोभाटा झाला, की या घरानं पार्टी बदलली. “मले त त्या मानसाचं नावबी मालूम नोहतं,” त्या सांगायच्या. आरती गावातलं वाचनालय सांभाळायची. ती हसली आणि तिनं कात्री उचलली.

मित्रांनो, त्या कात्रीशेजारी जो पडला होता, तो मी. मी एक जुना ग्रंथ आहे. ‘न्यायासन आणि राष्ट्रपतिपद’ असं माझं भारदस्त नाव. अमरावतीच्या एका प्राध्यापकांनी मला लिहिलं आणि अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीकाठच्या एका गल्लीत, बाइंडरनं मला शिवलं. खळीचा तो आंबूस वास अजून माझ्या पाठीत आहे. तिथून एसटीच्या टपावर बसून मी तेल्हाऱ्याच्या वाचनालयात आलो.

न्यायाधीश कसे नेमतात, राष्ट्रपती कशावर सही करतात, कधी सही न करता कागद परत धाडतात, हे सगळं माझ्या पोटात आहे. आता तुम्ही विचाराल, तू कुणाच्या बाजूचा? खरं सांगतो, माझ्या लेखकाचा कल होता. मुकाट सही करणाऱ्यांना त्यांनी ओळी कमी दिल्या आणि अडून बसणाऱ्यांना भरभरून पानं दिली. बहुमताच्या निकालापेक्षा वेगळं मत नोंदवणारे न्यायाधीश त्यांना जास्त आवडत. ज्यानं मला नीट वाचलं, त्याला हे कळायचं. त्यावर भांडताही यायचं. असं भांडण मला आवडतं. ग्रंथाचं त्यात काही बिघडत नाही, उलट पानं मोकळी होतात.

असे भांडणारे दोघं होते. एक चंद्रभान. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात, वजनकाट्यावर त्यांची उमर गेली. दुसरे अब्दुल रहीम, बसस्टँडमागे त्यांचं गादी भरायचं दुकान. सकाळी वाचनालय उघडलं की दोघं खिडकीखालच्या बाकावर बसत आणि मला मधे ठेवत.

“राष्ट्रपती म्हंजे नुसता शिक्का आहे काय?” रहीमचाचा सुरू करत.

“शिक्का त शिक्का. पन मारणारा हात त पाह्यजे ना, रहीमभाई!”

“हाताले इचारते कोन, भाऊ?”

“तुमाले तरी कोन इचारते? तरी बोलूनच राह्यले ना!”

खिडकीच्या गजाला आरतीनं जुन्या साडीची झोळी बांधलेली असे. तिच्यात तिची लहानगी चिमी झोपायची. आवाज चढला की आरती झोळीकडे बोट दाखवे. दोघं लगेच कुजबुजत भांडत.

ती वर्षं वाईट होती. कापसावर लाल्या रोग पडला, खरेदी मंदावली आणि गावातली जिनिंग बंद झाली. चंद्रभानकाकांचा मुलगा गजेंद्र सुरतेला कामाला गेला. त्यांची बायको जमुना आधीच वारली होती. कुलूप घातलेल्या जिनिंगच्या भिंतीला लागून त्यांची खोली. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं माणूस म्हणजे रहीमचाचा आणि बोलायचं कारण म्हणजे मी. त्या दिवसांत कुणी दिसेनासं झालं, की त्यानं जिवाचं काही बरंवाईट केलं का, अशी धास्ती गावाला वाटायची. आरतीला तर सगळ्यांआधी. ती झोळी हलवता हलवता बाकांकडे बघत राहायची. कोण आलं, कोण नाही.

उन्हाळ्यात सगळ्या पुस्तकांना ऊन दाखवून नवी कव्हरं घालायची, ही आमच्या वाचनालयाची रीत. त्या साली अनुदान आलं नव्हतं, त्यामुळे खाकी कागद नव्हता. छापखानेवाल्यानं निवडणुकीत उरलेल्या पोस्टरांचा गठ्ठा फुकट दिला. आरतीनं कोरी बाजू बाहेर ठेवून आम्हाला कव्हरं घातली. बाहेरून मी अगदी शुभ्र. पण आत दुमडलेल्या घडीवर दोन जोडलेले हात राहिले आणि खाली दोन शब्द: ‘प्रचंड मतांनी’. कोणत्या पक्षाचे, ते मी सांगणार नाही. मी आता शहाणा झालो आहे.

पाककलेच्या पुस्तकावरही तोच कागद होता. पुरणपोळी कोणत्या पक्षाची, असं कुणी विचारलं नाही. माझं मात्र तसं नव्हतं. मी न्यायाधीश आणि राष्ट्रपतींविषयी बोलणारा! माझं पहिलं पान उघडायच्या आधीच लोकांना जोडलेले हात दिसायचे. कुणी म्हणालं, हे त्या पक्षाच्या पैशानं छापलं. एका मास्तरांनी नेमकं उलट कारण काढलं: त्यांचा कागद उलटा लावला, म्हणजे त्यांचा अपमान करायचा होता. दोघांनीही मला वाचलं नव्हतं.

मग एके सकाळी चंद्रभानकाकांनी मला उघडलं. त्यांचं बोट त्या हातांवर थांबलं.

“रहीमभाई, हे पुस्तक मले वाचाले कोनं काढून देल्लं होतं?”

“मी देल्लं. काहून?”

“म्हंजे इतके दिवस तू मले त्यायच्या पार्टीचं पाजून राह्यला होता?”

रहीमचाचांना आधी थट्टाच वाटली. “हौ ना! मले त तिकीटच भेटनार आहे!”

चंद्रभानकाका हसले नाहीत. “तूच एक उरला होता बोलाले,” एवढंच म्हणाले, मला मिटलं आणि गेले. आरती तेव्हा चिमीला घेऊन बाहेर नळावर होती. तिला या बोलण्यातलं काहीच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी खिडकीखाली एकटे रहीमचाचा. तिसऱ्या दिवशीही तसंच. आरतीनं विचारलं, “चाचा, काका काहून नाही आले?”

“नसन आले. मले काय मालूम? मी त पार्टीवाला आहो.”

आरतीनं खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. तिनं मला उघडलं आणि ते जोडलेले हात पाहिले. तिचा चेहरा उतरला.

“चाचा, हे मी घातलं हो. सासूबाई नको म्हणत होत्या. पुस्तक आधीचं आहे, कागद काल-परवाचा.” तिनं चर्रकन कव्हर काढलं. माझी जुनी, मळकी पाठ उघडी पडली. खरं सांगतो, मला बरं वाटलं. “जा ना चाचा. एक चक्कर टाका त्यांच्याकडं.”

“मी काहून जाऊ? बोलला तो. त्यानं यावं.”

“ते येणारे असते तर आले असते,” आरती म्हणाली. झोळी हलवायची ती विसरली होती. चिमी रडायला लागली, तरी ती चाचांकडेच बघत राहिली. “मले भेव वाटते, चाचा.”

रहीमचाचांनी मला उचललं. पोस्टरचा तो कागदही घडी करून खिशात घातला.

जिनिंगच्या भिंतीकडच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत चूल थंड होती आणि माठ कोरडा. चंद्रभानकाका खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. हाक मारली तरी हलले नाहीत. अंग तापानं भाजत होतं.

रहीमचाचांनी शेजारणीकडून पाणी आणलं. ते ओठाला लावलं, तर काकांनी तोंड फिरवलं. मग चाचा जमिनीवर बसले आणि त्यांनी मला उघडलं. चष्मा दुकानातच राहिला होता. तरी ते मोठ्यानं वाचायला लागले.

“संसदेनं पास केलेला कायदा राष्ट्रपती परत पाठवू शकतात. पुन्हा पास होऊन आला, तर पुन्हा परत पाठवू शकतात. मंग पुन्हा...”

माझ्या पानावर तसं नव्हतं. चाचांना ते तोंडपाठ होतं. पण ते तसंच वाचत राहिले.

“...आन् मंग पुन्हा परत पाठवू शकतात...”

“एकदाच,” भिंतीकडून आवाज आला.

“काय म्हनता?”

“एकदाच म्हनतो!” चंद्रभानकाका वळले. डोळे लाल, दाढी वाढलेली. “दुसऱ्या टायमाले सही कराच लागते. काय वाचून राह्यला लेका!”

“मंग तुमी वाचा. पन आंधी पानी प्या.”

ते पाणी प्यायले. मित्रांनो, ते वाक्य कोणत्याच पक्षाचं नव्हतं. तरी त्या दिवशी त्याच वाक्यानं एका माणसाचं तोंड भिंतीकडून फिरवलं.

“उठून करू काय, रहीमभाई?” काका हळूच म्हणाले. “जिनिंग गेली. पोरगं गेलं. तू बी त्यायचा निघाला.”

चाचांनी खिशातला कागद उलगडून पुढे धरला. “मी गादीवाला आहो, दुसऱ्या कोनाचा नाही. हे आरतीबाईनं चढवलं. तिच्या सासूनं मना केलं होतं.”

काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, “त मंग सासूलेच बसवा वाचनालयात.”

रहीमचाचा हसता हसता डोळे पुसू लागले. मग त्यांनी रिक्षा आणून काकांना दवाखान्यात नेलं. बरे झाल्यावर दोघं पुन्हा खिडकीखाली बसू लागले आणि माझ्या लेखकाचा खरा कल कुठे आहे, यावर भांडू लागले.

त्याला आता पुष्कळ दिवस झाले. चिमी शाळेत जाते. चंद्रभानकाकांना गजेंद्रनं सुरतेला नेलं. माझी पानं पिवळी पडली आहेत. वाचकांनो, मला ऊन दाखवा, पाठ निघाली तर शिवा. माझ्याशी भांडायचं असेल तर खुशाल भांडा, पण आधी मला वाचा. आणि ज्याच्याशी तुम्ही भांडता, तो यायचा थांबला, तर जिंकलो म्हणून घरी बसू नका.

आजही आरतीची नजर खिडकीखालच्या बाकाकडेच जाते. काल तो बाक रिकामा होता, आजही आहे. मला घरी न्यायला जो येईल, त्याच्या हातात देताना ती विचारते. आज तुम्ही आला आहात.

“बसस्टँडकडूनच चालले ना तुमी? मंग मागच्या गल्लीत गादीचं दुकान आहे. रहीमचाचाले जरा पाहून या ना.”